‘पूर्वेतिहास’, ‘पार्श्वभूमी’ की आणखी काही?

सांजवात
परिवीक्षा अधिकाऱ्यांसाठीची (प्रोबेशन ऑफिसरांसाठीची) एक प्रशिक्षण पुस्तिका मराठीत आणते आहे. गुन्ह्याचा आरोप असलेलं मूल बालन्याय मंडळापुढे आलं की त्याच्या घरची, शाळेची, संगतीची, तब्येतीची माहिती गोळा करून अहवाल द्यायचा असतो. या माहितीला मी ‘पूर्वेतिहास’ म्हटलं होतं. मसुदा तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘पार्श्वभूमी’ केलं. ‘मानसशास्त्रीय मूल्यमापन’ खोडून ‘मानसिक तपासणी’ केलं. दुसरा बदल मला मुळीच पटलेला नाही. पहिल्याबद्दल मत हवं आहे. कोश पाहिलेत, वापरातलं सांगा.

रानवाट
पूर्वेतिहास नकोच. पोलिसी कागदात त्याचा एकच अर्थ उरलाय, आधीचे गुन्हे. मी बरीच वर्षं असे अहवाल लिहिले. एका फाइलीत ‘पूर्वेतिहास’ या रकान्यापुढे ‘निरंक’ असं लिहून आलं होतं. लिहिणाऱ्याचं चुकलं नव्हतं, आधीचा गुन्हा खरंच नव्हता. घरी गेले तेव्हा कळलं की वडील गेल्यावर मुलाने सातवीतच शाळा सोडली होती, मोठ्या पोरांबरोबर रात्रपाळीला जात होता आणि एका कानाने त्याला जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. विचारलेल्याला उत्तर देत नाही म्हणून ‘उद्धट’ असा शेरा पडला होता. हे सगळं त्या ‘निरंक’मध्ये गडप झालं होतं.

मोडीवाचक
पार्श्वभूमी मला नाटकाच्या पडद्यासारखी वाटते. मूल पुढे उभं आणि त्याचं आयुष्य मागे रंगवलेलं. शिवाय पार्श्व म्हणजे बाजू, कूस. मागची बाजू हा अर्थ नंतर चिकटला असावा. जुन्या मराठी कागदांत वादी-प्रतिवादी आपापली मुळापासूनची हकिकत लिहून देत, तिला ‘करीना’ म्हणत. ‘बालकाचा करीना’ का चालू नये?

शुद्धमती
शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला तो असे फारसी-अरबी शब्द बाहेर काढण्यासाठीच, आणि आपण ते परत आणायचे? ‘पूर्ववृत्त’ हा स्वच्छ शब्द हाताशी आहे. ‘तपासणी’ही नको, ‘अन्वेषण’ म्हणा.

रानवाट
शुद्धमती, दारात उभं राहून ‘सामाजिक अन्वेषणासाठी आले आहे’ असं एकदा म्हणून पाहा. लोकांनी हा शब्द ‘गुन्हे अन्वेषण’ यातच ऐकलेला असतो. दार लावून घेतात. वस्तीत ‘गृहचौकशी’ कळते. ‘चौकशीच्या बाई आल्यात’ असं शेजारी सांगतात, पण निदान चहूबाजूंनी माणसं बोलायला तरी लागतात.

कलमदान
दोन कागद वेगळे आहेत, ते आधी पाहा. २०१६च्या बालन्याय आदर्श नियमांत पोलिसांकडून येणारा नमुना १ म्हणजे सामाजिक पार्श्वभूमी अहवाल. परिवीक्षा अधिकाऱ्याचा नमुना ६, त्याला कोणी सामाजिक तपासणी अहवाल म्हणतं, कोणी अन्वेषण. मूल पहिल्यांदा मंडळापुढे आल्यापासून पंधरा दिवसांत तो द्यायचा असतो. म्हणजे ‘पार्श्वभूमी’ आधीच पहिल्या कागदाच्या नावात अडकलेली आहे. सहाव्या नमुन्यात सवयी, मित्र कोण, शाळा का सुटली, घरच्यांची वागणूक कशी, इथपासून भावनिक घटक आणि पुनर्वसनाची शिफारस इथपर्यंत सगळं येतं. पूर्ववृत्त म्हटलं की ती शिफारस बाहेर पडते.

आणि २०१५च्या बालन्याय अधिनियमाच्या कलम ३मध्ये तत्त्वच आहे की बालकाच्या बाबतीतल्या प्रक्रियेत आरोपाचे, वैराचे शब्द वापरायचे नाहीत. या कसोटीवर ‘पूर्वेतिहास’ बाद होतो असं माझं मत.

पाऊलखुणा
मी मुलांशी बोलायचं काम करते. ‘मानसिक तपासणी’ ऐकून एका आईने कागद माझ्याकडे सरकवला. ‘पोरगा वेडा नाही माझा, सही नाही करणार.’ त्यानंतर अर्धा तास फक्त तिची समजूत काढण्यात गेला. पण ‘मूल्यमापन’ही निर्दोष नाही. मुलं बाहेर पडताना विचारतात, ‘ताई, किती मार्क पडले?’ गुण मिळवायचे असले की मूल शहाण्यासारखी उत्तरं द्यायला लागतं, आणि मला हवं ते हातून जातं. मी ‘मनोसामाजिक आकलन’ लिहिते.

कलमदान
पुस्तिकेत कलम १५ असेल तर जपून. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं. कृत्य करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि कोणत्या परिस्थितीत ते घडलं, एवढंच पाहायचं असतं. तो खटला नव्हे, असं कलमातच स्पष्ट केलंय. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये सांगितलं. तिथे ‘आकलन’ लिहिलं तर वकील विचारणार, हे कायद्यातलं मूल्यांकन की दुसरं काही?

पाऊलखुणा
मान्य, तिथे मूल्यांकनच. मात्र नुसता बुद्ध्यांक काढून त्या तीन प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत, हे शब्दातून कुठेतरी दिसायला हवं ना?

शुद्धमती
‘मनोसामाजिक’ हा संधी चूक आहे. मनः + सामाजिक = मनःसामाजिक. मनोविकार, मनोरंजन बरोबर, कारण पुढे मृदू व्यंजन आहे. ‘स’पुढे ओ होत नाही. मनःस्थिती लिहिता ना?

पाऊलखुणा
सगळ्या प्रशिक्षणांत, सगळ्या अहवालांत ‘मनोसामाजिक’च आहे. विसर्ग उच्चारणारी माणसं किती उरलीत? रूढ झालेला शब्द आम्ही आता कुठे बदलत बसायचा?

शुद्धमती
रूढ झालं म्हणून चूक बरोबर ठरत नाही. उद्या मनोस्थितीही चालवून घ्याल.

मोडीवाचक
मनोस्थिती सर्रास छापून येतंच आहे. बोलीत विसर्ग गळतो, ही आजची गोष्ट नाही. दुःखाचं दुख कधीच झालंय.

सांजवात
मंडळी, नमुना ६च्या शीर्षकासाठी ‘सामाजिक तपासणी’ घेते. पण आतल्या त्या पहिल्या रकान्याचं काय? ‘निरंक’ लिहिता येणार नाही असा शब्द हवा आहे.

शुद्धमती
पूर्ववृत्त. मनःसामाजिकबद्दल मात्र कोणी तरी व्याकरणाच्या आधाराने उत्तर द्यावं.

रानवाट
‘आजवरचं आयुष्य’. रकान्यात मावतं, मोजून पाहिलंय.

मोडीवाचक
करीना याहून छोटा आहे.