झांस्करची पायवाट रस्त्याखाली गेली: हळहळायचं की टाळ्या वाजवायच्या?

म्हापशेकर पायी (धाग्याची सुरुवात)

यंदा जुलैत हिमाचलातल्या दारच्याहून लडाखच्या झांस्कर खोऱ्यातल्या पदुमला गेलो, गाडीने. सकाळी दारच्यात पराठा, रात्री पदुमात थुक्पा. मधे शिंकू ला खिंड आली आणि गेली. फोटो काढायला उतरलो तर ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला.

२०११ साली हाच पल्ला पायी केला होता. फुक्तलचा गोंपा (बौद्ध मठ) धरून नऊ दिवस लागले. खिंड ५,००० मीटरच्या वर. शेवटच्या चढाला वीस पावलं टाकायची, थांबायचं, पुन्हा वीस. पलीकडे उतरलं की गुम्बोक रांगनचा एकटा सुळका. तो दिवसभर आधी समोर असतो, मग पाठीशी. पुढे कारग्याक, बार्लीचे हिरवे तुकडे आणि मग त्साराप नदीची घळ. तिथे वाट एका माणसाच्या रुंदीची. समोरून घोडे आले तर डोंगराच्या अंगाला चिकटायचं, नदीच्या बाजूला चुकूनही उभं राहायचं नाही. घोड्याच्या पाठीवरचं ओझं तुम्हाला सहज खाली ढकलतं.

ती वाट आता बरीचशी रस्त्याच्या धुळीत आहे. निम्मू–पदुम–दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता मार्च २०२४ मध्ये सलग जोडला गेला. चिलिंगच्या वर झांस्कर नदीच्या घळीतही कडा फोडूनच तो काढलाय, म्हणजे चादरीची, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून चालण्याची, मजाही गेल्यात जमा.

रस्ता नको असं मी म्हणत नाही. पण पायवाटसुद्धा कोणीतरी बांधलेली असते, शेकडो वर्षं दरवर्षी दुरुस्त केलेली असते. ती दुसऱ्या काठाने राखता आली नसती का? फोडलेला दगड जागोजागी सरळ नदीकडे लोटलाय. आपल्या गोव्यात डिचोलीकडे खाणीखालची शेतं ज्यांनी पाहिलीत त्यांना जास्त सांगायला नको.

काणकोणची नर्स

म्हापशेकरबाब, लिहिलंय सुंदर. पण 'चादरीची मजा' वाचून थांबले.

हिवाळ्यात पेन्सी ला खिंड बर्फाने बंद झाली की झांस्करचा कारगिलकडचा रस्ता कित्येक महिने बंद. मग लेहला जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत गोठलेली नदी, एवढाच मार्ग. बाप मुलांना लेहच्या शाळेत पोचवायचे ते त्याच बर्फावरून, रात्री गुहेत झोपून. कुणाचं बाळंतपण अडलं तर? मी काणकोणात नोकरी केली आहे. पेशंट मडगावला हलवताना करमलघाटात ट्रक आडवा असला की काय होतं ते रुग्णवाहिकेत बसून पाहिलंय. आणि आमच्याकडे तर हायवे आहे!

तुमच्या नऊ दिवसांच्या आनंदासाठी तिथल्या बाईने नऊ दिवस चालावं काय?

म्हापशेकर पायी

बाय, मी असं कुठे म्हटलं? 'रस्ता आणि वाट दोन्ही' असं म्हटलंय. 'मजा' हा शब्द मात्र मागे घेतो.

वास्कोचा निवृत्त

दोन्ही कशी करणार? नकाशा बघा. घळीत नदीशिवाय सपाट जागाच नसते, दोन्ही बाजूंना उभे कडे. पायवाट जिथे सोयीची तिथेच रस्ता सोयीचा.

दुसरं. श्रीनगर–कारगिल–लेह आणि मनाली–लेह यांच्यानंतरचा हा लडाखचा तिसरा मार्ग आहे, आणि यावर उंच खिंड एकच, शिंकू ला. तिच्याखाली ४.१ किलोमीटरचा बोगदा होतोय, जुलै २०२४ मध्ये कामाचा पहिला सुरुंग उडाला. तो झाला की बारा महिने वाहतूक. सीमेवरचा जवान डिसेंबरात काय खातो हा विचार ट्रेकरने केला नाही तरी कोणाला तरी करावा लागतो.

खडकवेडी, फोंडा

निवृत्तकाका, सोयीचं आणि टिकाऊ यांत फरक आहे. झांस्करचे ते रंगीत, दुमडलेले थर म्हणजे टेथिस समुद्राच्या तळाचा गाळ. भारताचा तुकडा आशियाला भिडला तेव्हा वर ढकलला गेलेला. हिमालय पावसाला अडवतो म्हणून वर हिरवळ नाही, दगड बांधून ठेवायला मुळं नाहीत. लेहला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस. वाळपईला जुलैतल्या एखाद्या दिवसात तेवढा पडून जातो आणि आपण फक्त 'आज जरा जोरात आहे' म्हणतो. तिथे मात्र थोड्या वेळात थोडा जास्त पडला की अख्खा उतार चिखल होऊन खाली येतो. ऑगस्ट २०१०ची लेहच्या ढगफुटीची रात्र आठवा. अशा उताराचा पायथा कापला की त्याला खाली यायला निमित्त मिळतं.

पण एक गोष्ट म्हापशेकरांच्या विरुद्धही जाते. २०१४ संपता संपता फुक्तलजवळ दरड कोसळून नदी अडली, मागे मोठा तलाव झाला आणि ७ मे २०१५ला तो फुटून खालचे पूल वाहून गेले. तिथे रस्त्याचं काम नव्हतं. डोंगर आपला आपण पडला. तेव्हा सगळं पाप बुलडोझरच्या माथी मारू नका.

नेवरीचो पोदेर

पूल गेला म्हणजे काय ते पणजीकरांना विचारा. ५ जुलै १९८६, मांडवीचा पूल. नवा होईपर्यंत वर्षं गेली. फेरीबोटीतून सूर्यास्त फक्त पाहुण्यांना दिसायचा, आम्हाला घड्याळ दिसायचं.

दिवाडकर

पोदेरबाब, खरं. पण आमच्या दिवाडी बेटावर पुलाचा विषय काढा, एकाच घरात दोन पक्ष होतात. पूल नको म्हणणारा रोज फेरीने कामाला जाणाराच असतो, कॅमेरावाला नव्हे. त्याला ठाऊक असतं की पुलावरून आधी रुग्णवाहिका येते आणि मागोमाग जमीन बघायला दिल्लीची गाडी. झांस्करमध्येही सगळ्यांचं एकच मत असेल असं काणकोणच्या बायने का धरलं?

काणकोणची नर्स

धरलं नाही. पण नको म्हणायचा अधिकार त्यांचा, म्हापशाचा नव्हे.

पहिल्यांदाच निघालोय

जरा विषयांतर. आम्ही चौघे सप्टेंबरात मार्खा खोऱ्यात जातोय. मोपाहून विमान, दिल्लीत बदल, सकाळी लेह, दुसऱ्या दिवशी चालायला सुरुवात. जमेल ना? सोन्सोगड एका दमात चढलोय.

म्हापशेकर पायी

नाही जमणार, आणि करूही नका. सोन्सोगड गोव्यातला सगळ्यात उंच, तरी ११६६ मीटर. लेहचा विमानतळच ३,२०० मीटरच्या वर, गाव ३,५००च्या आसपास. तिथे हवेचा दाब आपल्या किनाऱ्याच्या दोन-तृतीयांश, मार्खाच्या शेवटच्या कोंगमारू ला खिंडीवर (५,२००च्या आसपास) निम्म्याहून जरासा जास्त. लेहला निदान दोन पूर्ण दिवस काही करायचं नाही. काही नाही म्हणजे बाजारही नाही. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

आमच्या वेळी एकाचं डोकं दुखत होतं, उलट्या होत होत्या. आदल्या रात्रीच्या ओल्ड मंकची कृपा म्हणून आम्ही हसत बसलो. संध्याकाळी त्याला सरळ रेषेत चालता येईना. तेव्हा हसू गेलं आणि रात्रीच त्याला खाली उतरवला. गोवेकराला ही लक्षणं ओळखीची वाटतात, तोच धोका.

खडकवेडी, फोंडा

आणि ओढे! आपल्याकडे व्हाळाला पाणी पावसावर वाढतं, त्यामुळे आकाशाकडे बघायची सवय. तिथे आकाश निळंशार असताना पाणी वाढतं. वरचा बर्फ उन्हाने वितळतो, म्हणून सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी तीनला मांडीला लागतो. ओलांडायचं ते सकाळी. जुने बूट किंवा पट्ट्याची चप्पल वेगळी ठेवा, अनवाणी उतरू नका, पाण्याखाली दगड गडगडत असतात. आपले पावसाळी बूट तिथल्या सुट्या दगडांच्या उतारावर काही कामाचे नाहीत. जळवा नाहीत, एवढं एक सुख.

वास्कोचा निवृत्त

पोरांनो, मार्खातही स्कीऊपर्यंत आता गाडी जाते. म्हापशेकरांनी आधीच रुमाल काढून ठेवावा.

म्हापशेकर पायी

काढलाय. पण मार्खात गावोगावी लोक घरात उतरायला जागा देतात, पैसा घरातल्या बाईच्या हातात जातो. गाडी थेट गावात आली की कोणी रात्री थांबत नाही. चहा पितात आणि पुढे. पदुमच्या वाटेवरच्या कारग्याकमध्ये हेच पाहिलं. २०११ला ज्या घरी दोन रात्री काढल्या, त्या घरासमोरून यंदा आमची गाडी चाळीसच्या वेगाने गेली. म्हातारी दारात होती की नाही तेही दिसलं नाही. रस्ता त्यांच्यासाठी म्हणता ना, मग हाही हिशेब मांडा.

काणकोणची नर्स

हा मुद्दा मान्य. पण तिच्या मुलाने गाडी घेतली असेल तर? तोही हिशेब मांडा. उलट्या टोकाने.

सत्तरीकर गावडो

दोन दिवस सगळं वाचतोय, आता बोलतो.

झांस्करच्या वाटेसाठी म्हापशात, फोंड्यात, वास्कोत डोळ्यांत पाणी. आमच्या केळघाटासाठी कोणाच्या डोळ्यांत आलं? त्या वाटेने मीठ वर जायचं, धान्य खाली यायचं, बैलांच्या पाठीवरून. माझा आजा त्या वाटेने गेलेला. ती कोणी बुलडोझरने मोडली नाही. आम्ही चालायचं सोडलं, रानाने घेतली. आज तिथून जायचं तर पुढच्या माणसाच्या हातात कोयता पाहिजे.

म्हणजे वाट रस्त्यानेच मरते असं नाही.

आता तुमच्या आवडीच्या घळी. सुर्लाच्या खालची, म्हादईच्या खोऱ्यातली घळ पाहिलीय कोणी? पावसाळ्यात वर नुसता आवाज येतो, पाणी दिसत नाही. शनिवार-रविवारी कोण येतात ते आम्हाला विचारा. धबधब्याखाली बाटल्या फोडतात. कोंडात उतरतात, जिथे आम्ही जन्मात उतरलो नाही. कोणी बुडाला की प्रेत काढायला बोलावतात गावच्याच पोरांना. जुलै २०२३ला अभयारण्यांतल्या धबधब्यांवर बंदी आली तेव्हा शहरात ओरडा झाला की आमचं स्वातंत्र्य गेलं. आमच्या वाड्यावर बरं वाटलं. मग कळलं, बंदी सगळ्यांना. म्हादई अभयारण्य १९९९चं, आमचा वाडा त्याच्या कितीतरी आधीचा. तरी माझ्याच व्हाळावर मला 'कुठे चाललास?'

लडाखच्या स्टोकमधल्या लोकांचं मला पटलं. त्यांच्या गावावरचं स्टोक कांगरी शिखर, ६,१५३ मीटर. चढणाऱ्यांनी पाणी घाण केलं म्हणून गावाने आवाज उठवला आणि २०२०पासून ते बंद झालं. सुरुवात गावाने केली. आमच्याकडे उघडायचं तेही पणजीत ठरतं, बंद करायचं तेही पणजीत.

वास्कोचा निवृत्त

गावडोबाब, गावाने बंद केलं तर चालेल, खात्याने केलं तर नाही? बुडणारा दोन्हीकडे वाचतोच ना?

सत्तरीकर गावडो

काका, गावाने बंद केलं तर उघडायचं कधी तेही गावाला कळतं. खात्याचा कागद एकदा लागला की पाऊस संपून मिरगाचा पाऊस परत आला तरी खांबाला तसाच.

खडकवेडी, फोंडा

गावडोबाब, केळघाट पुन्हा चालता येईल का? तुमचा वाडा वाटाडे देणार असेल, दर तुम्ही ठरवणार असाल, तर आम्ही येतो. परवानगीचं काय ते एकत्र बघू.

सत्तरीकर गावडो

डिसेंबरात या. गवत वाळलेलं असतं आणि वणव्याचे दिवस लागलेले नसतात. २०२३च्या मार्चातले आमच्या रानातले वणवे विसरलो नाही, म्हणून विडी-सिगारेट बंद. दहापेक्षा जास्त नको. स्पीकर आणला तर परत पाठवीन. सीमेवर राखणदार देवाला नारळ ठेवल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. तुमचा विश्वास असो नसो, नारळ ठेवायचा.

काणकोणची नर्स

मी येते. प्रथमोपचाराची पिशवी माझी. आणि गावडोबाब, उद्या त्याच वाटेने रस्ता काढायचा म्हणाले तर तुम्ही काय म्हणाल?

सत्तरीकर गावडो

बाय, माझी आई वाड्यावरून खाटेवर उचलून खाली आणली होती. आणि त्याच रानात माझे काजू आहेत. तुला आज उत्तर देत नाही.

म्हापशेकर पायी

नारळ मी आणतो. दुसऱ्या काठाबद्दलचं माझं म्हणणं मात्र तसंच आहे, निवृत्तकाका. नकाशा घेऊन बसू एकदा. पुर्ने ते फुक्तलचा तुकडा दाखवतो.