मदत हवी आहे: टाचेच्या मागच्या दुखण्यात व्यायामाचं वजन कधी वाढवायचं?

नाशिकमधल्या फिजिओथेरपिस्ट आणि जुन्या धावपटूंना विचारतोय. गटातल्या पन्नाशीच्या एका काकांची टाच मागून दुखते. पांडवलेणीच्या पायऱ्या चढल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी जास्तच. तळव्याखाली दुखत नाही, त्यामुळे प्लांटार फॅसायटिस वाटत नाही. अकिलीस टेंडन (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा जाड दोर) हाडाला जिथे चिकटतं, नेमकं तिथे दाबलं की कळ येते.

दुखणं टाचेच्या 2 ते 6 सेंमी वर असतं तर पायरीच्या कडेवर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडायचा नेहमीचा व्यायाम दिला असता: 15 चे 3 सेट, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. पण इथे टाच पायरीच्या पातळीखाली गेली की टेंडन हाडावर दाबलं जातं आणि दुखणं वाढतं. म्हणून सपाट जमिनीवरच टाचा उचलणं चालू आहे. (भिंतीला टेकून पोटरी ताणा, हा सल्ला कृपया नको, दाब तिथेही तोच पडतो.) टेंडनमध्ये स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्यायचं नाही, ते तुटायची भीती असते. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी (टेंडनला इजा करू शकणारी अँटिबायोटिक) औषधं अलीकडे घेतलेली नाहीत, तेही विचारून झालं.

आता दोन पायांवर 15 वेळा सहज जमतं. पुढे आधी एका पायावर जावं की पाठीवर सॅक घेऊन वजन वाढवावं? आणि बुटात घालायची साधारण 1 सेंमी जाडीची, न दबणारी टाचेची पट्टी मेन रोड किंवा कॉलेज रोडला कुठे मिळेल? जेलच्या मऊ पट्ट्या आठवड्यात चपट्या होतात.