नकाशावरून ग्रामीण वस्तीचा आकृतिबंध कसा ठरवायचा?

जिज्ञासू
१:५०,००० च्या स्थलनिर्देशक नकाशाचं वाचन चालू आहे. नदीकाठी घरांची लांबलचक ओळ दिसते, पण दोन घरांत बरंच अंतर आहे. हिला रेषाकृती म्हणायचं की विखुरलेली? शिवाय नकाशावर आखलेल्या पूर्ण चौकटीचा निकटतम शेजारी निर्देशांक (वस्त्या एकमेकींपासून किती जवळ-दूर पसरल्या आहेत ते सांगणारा आकडा) १.४ आला. त्यावरून आकृतिबंध सांगता येतो का?

समोच्चरेषा
दोन्ही म्हणता येईल. केंद्रित की विखुरलेली हा प्रकार झाला, तो घरांमधल्या अंतरावर ठरतो. रेषाकृती, वर्तुळाकार, तारकाकृती हे आकृतिबंध. ते मांडणीवर ठरतात. दोन रकान्यांत वेगवेगळं लिहा, घोळ संपतो.

रेषा दिसली की कारणही शोधा. समोच्च रेषा (समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या) पाहा: घरं नदीलगतच्या उंचवट्यावर असतील आणि मागची जमीन सखल, दलदलीची असेल, तर ओळ पुरामुळे पडलेली आहे. शेतांच्या हद्दी दिसणारा मोठ्या प्रमाणाचा, म्हणजे जास्त तपशील दाखवणारा नकाशा मिळाला तर उत्तमच. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये सेंट लॉरेन्स नदीकाठी जमिनीचे अरुंद, लांब पट्टे नदीला काटकोनात पाडले होते. लांबी रुंदीच्या साधारण दहापट. प्रत्येकाला पाणी आणि जलमार्ग हवा, म्हणून घर पट्ट्याच्या नदीकडच्या टोकाला. वाटण्या होताना पट्टे उभेच चिरले गेले, तशी घरं जवळ आली. काठ भरल्यावर मागे रस्ता काढून दुसरी रांग बसली. तेव्हा रस्ता दिसला म्हणजे वस्ती त्याच्यामुळेच आली, असं धरून चालू नका. रस्ता नंतरचाही असतो.

बिंदूमापक
निर्देशांकाबद्दल. सूत्र: २ × सरासरी अंतर × √(वस्त्यांची संख्या ÷ क्षेत्रफळ). सरासरी अंतर म्हणजे प्रत्येक वस्तीपासून तिच्या सर्वांत जवळच्या वस्तीपर्यंतच्या अंतरांची सरासरी. तुमच्या नकाशावर २ सेंमी म्हणजे १ किमी, म्हणून २० सेंमी × २० सेंमी चौकट म्हणजे १०० चौ. किमी. त्यात २५ वस्त्या, सरासरी अंतर १.४ किमी, तर २ × १.४ × ०.५ = १.४. ० म्हणजे एकवटलेल्या, १ म्हणजे यादृच्छिक (कशाही, नियमाशिवाय पसरलेल्या), २.१५ म्हणजे समान अंतरावर. तुमच्या वस्त्या समान अंतराकडे झुकतात, एवढंच. एकेका गावाचा आकार यातून कळत नाही.

चुका ठरलेल्या. अंतर सेंमीत आणि क्षेत्रफळ चौ. किमीत घेतलं की उत्तर भलतंच येतं. कडेच्या वस्तीचा सर्वांत जवळचा शेजारी चौकटीबाहेर असेल आणि तो सोडला तर अंतर फुगतं आणि निर्देशांक वाढतो. तो मोजायला घ्या, पण वस्त्यांच्या संख्येत धरू नका. चौकटीत ओसाड डोंगर आला की निर्देशांक उगाच घसरतो. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावांच्या जोड्या असतील तरीही तो कमी येतो, मग नकाशाभर विखुरलेल्या जोड्या एकवटलेल्या वाटतात.

गावठाण
वर्तुळ दिसलं तर आधी मध्यभागी काय आहे ते बघा. तळं असेल तर कडा वेडीवाकडी आणि गल्ल्या पाण्याकडे उतरणाऱ्या. टेकडीमाथ्यावर घरं समोच्च रेषेला धरून फिरतात. इस्राएलमधलं १९२१ चं नहलाल मात्र आखून वसवलेलं: मधोमध सार्वजनिक इमारती, भोवती घरांचं कडं, बाहेर पाचरीसारखी शेतं. इतकं काटेकोर वर्तुळ आपोआप वाढलेल्या गावाचं सहसा नसतं.