हार्लोचा पांढरा साटीनचा गाऊन अंगावर असा बसतो कसा, आणि तो नेमका कोणाचा?

शिवणवर्ग_दारव्हा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातील एका गावात मुलींना शिवणकाम शिकवते. कटोरी ब्लाउज, पंजाबी ड्रेस आणि शाळेचे गणवेश यांपलीकडे आमचे काम सहसा जात नाही. परंतु एका विद्यार्थिनीने ‘डिनर ॲट एट’ (१९३३) या हॉलिवूडच्या चित्रपटातील नटी जीन हार्लो हिचे छायाचित्र मोबाइलवर आणून दाखवले आणि हा गाऊन कसा कापला असेल, असे विचारले. कापड ओढून घट्ट केल्यासारखे मुळीच वाटत नाही, तरीही ते अंगाची रेष धरून खाली उतरते आणि पायाशी आल्यावर मोकळे होते. आपण ब्लाउज अंगाबरोबर बसवतो तो टक्स घेऊन. इथे काही वेगळेच तंत्र असावे.

दुसरे असे की, त्या काळातील कितीतरी छायाचित्रांखाली एड्रियन हे नाव दिसते. हे गृहस्थ शिंपी होते, चित्रकार होते की स्टुडिओचे नोकर? यवतमाळच्या बाजारात मिळणाऱ्या साटीनवर असा प्रयोग करून पाहावा का, हेही जाणकारांनी सांगावे.

जुना_मास्तर_मोर्शी

ताई, याचे उत्तर ‘उरेब’ एवढ्या एका शब्दात आहे. आपण गळ्याला आणि काखेला जी उरेब पट्टी लावतो, ती वळणावर विनातक्रार बसते, कारण ती ताणा आणि बाणा यांच्या मधून, ४५ अंशांत कापलेली असते. उभ्या किंवा आडव्या धाग्यावर कापड ताणले तर ते फारसे हलत नाही. तिरके ताणले की विणीतले चौकोन सरकून शंकरपाळ्यासारखे होतात आणि कापड लवते. हार्लोच्या गाऊनमध्ये पट्टीच नव्हे, तर कापडच तिरके धरून कापले आहे. त्यामुळे कापडाचे वजनच त्याला खाली ओढते आणि अंगाशी बसवते. पॅरिसच्या पोशाखकार मादलेन व्हिओने यांनी ही पद्धत १९२० च्या दशकात नावारूपाला आणली, आणि तिथून ती हॉलिवूडला पोहोचली.

करून पाहायचे असेल तर तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ४४ इंच पन्ह्यात उरेब कापताना कोपरे फार वाया जातात, म्हणून नेहमीच्या अंदाजाने कापड आणू नये. शिवताना दोन्ही बाजूंची तिरकी दिशा जुळवावी, नाहीतर गाऊन एका अंगाला पिळतो. आणि खालचा घेर लगेच दुमडू नये. गाऊन निदान एक रात्र टांगून ठेवावा, कारण उरेब भाग आपल्याच वजनाने उतरतो आणि तोही सगळीकडे सारखा नाही. दुसऱ्या दिवशी जमिनीपासून माप घेऊन घेर कापावा आणि मग हाताने तुरपाई करावी.

बाजारातले पॉलिस्टरचे साटीन मात्र रेशमासारखे पडत नाही. शिकण्यापुरते ते चालेल.

तुमसरची_वाचक

मास्तरांनी कापडाचे सांगितले, मी कॅमेऱ्याचे सांगते, कारण हे कपडे रस्त्यावर किंवा लग्नात मिरवायचे नव्हतेच. चित्रपट कृष्णधवल होते. रंग दाखवून काही साधत नसे. म्हणून ही मंडळी पोत आणि चकाकी यांवर काम करत. हार्लोचे सोनेरी-पांढरे केस आणि पांढरे साटीन यांवर दिव्यांचा प्रकाश पडला की पडद्यावर जे चमकते, ते अर्धे कापडाचे आणि अर्धे प्रकाशयोजनेचे असते. पॅरामाउंट या स्टुडिओत वेशभूषाकार ट्रॅव्हिस बँटन यांनी नटी मार्लीन डिट्रिच हिला ‘शांघाय एक्सप्रेस’ (१९३२) मध्ये काळी पिसे आणि जाळीचा बुरखा दिला, त्यामागेही हाच विचार दिसतो: चेहऱ्याभोवती काळोखाचेच निरनिराळे पोत.

एड्रियन हे १९२८ ते १९४१ या काळात एमजीएम स्टुडिओचे प्रमुख वेशभूषाकार होते. ग्रेटा गार्बो, नॉर्मा शिअरर, जोन क्रॉफर्ड आणि हार्लो या साऱ्या त्यांच्याच हाताखालून गेल्या. क्रॉफर्डचे खांदे मुळातच रुंद होते. दुसऱ्या कोणी ते झाकले असते. यांनी ते आणखी रुंद केले, म्हणजे कंबर आपोआप बारीक दिसू लागली. ‘लेटी लिंटन’ (१९३२) मधील तिच्या पांढऱ्या ऑर्गंडीच्या (पातळ पण कडक कापडाच्या) पोशाखाला खांद्यावर प्रचंड झालरी होत्या. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने त्याच्या नकला विकल्या. त्या लाखांच्या संख्येने खपल्या असे जे सांगतात, ते मला तरी त्या बाह्यांइतकेच फुगवलेले वाटते. गंमत म्हणजे एका नाटकाच्या हक्कावरून स्टुडिओ खटला हरला आणि चित्रपट अनेक दशके पाहायलाच मिळेनासा झाला. पोशाख तेवढा छायाचित्रांतून जगला.

एक गोष्ट मात्र मास्तरांच्या बोलण्याला जोडून सांगायला हवी. सगळीच जादू उरेबची नसते. ‘गिल्डा’ (१९४६) मध्ये रीटा हेवर्थ जो खांदे नसलेला काळा साटीनचा गाऊन घालून नाचते, तो झाँ लुई यांचा. तो घसरत नाही, कारण त्याच्या आत कडक पट्ट्यांचा सांगाडा आहे. बाहेरून निर्धास्त, आतून पक्के बांधकाम.

सेवाग्राम_रोड

ताईंनी ‘तो कोणाचा’ हा जो प्रश्न विचारला आहे, तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. स्टुडिओत वेशभूषेचे स्वतंत्र खाते असे. कापणाऱ्या, शिवणाऱ्या आणि टिकल्या लावणाऱ्या बायका वेगळ्या असत, ठळक नट्यांच्या मापाचे भरीव पुतळे तयार असत, आणि पडद्यावर नाव येई ते खातेप्रमुखाचे.

याचे गाजलेले उदाहरण म्हणजे ‘सब्रिना’ (१९५४). त्यातील नायिका ऑड्री हेपबर्न १९५३ साली पॅरिसला जाऊन तिथले पोशाखकार उबेर द जिवाँशी यांना भेटली; हेपबर्न येणार म्हटल्यावर त्यांना दुसरी प्रसिद्ध नटी कॅथरीन हेपबर्न अपेक्षित होती. चित्रपटात तिने त्यांचे कपडे घातले, परंतु श्रेयनामावलीत त्यांचे नाव आले नाही आणि वेशभूषेचे ऑस्कर पॅरामाउंटच्या वेशभूषाप्रमुख एडिथ हेड यांना एकट्यांना मिळाले. हेड यांना एकूण आठ ऑस्कर मिळाले. त्यांच्या कामाविषयी मला आदर आहे. तथापि पॅरामाउंटमधील पहिली नोकरीही त्यांनी वर्गातील इतरांची चित्रे दाखवून मिळवली होती, हे त्यांनी स्वतःच पुढे कबूल केले. तेव्हा ‘सब्रिना’बाबत मी तरी जिवाँशी यांच्या बाजूचा आहे. एड्रियन यांना मात्र एकही ऑस्कर नाही, कारण वेशभूषेचा पुरस्कार १९४८ च्या चित्रपटांपासून सुरू झाला आणि तोवर ते स्टुडिओ सोडून स्वतःचे दुकान चालवत होते.

‘ब्रेकफस्ट ॲट टिफनीज’ (१९६१) साठी जिवाँशी यांनी केलेला एक काळा पोशाख २००६ मध्ये लंडनला ४,६७,२०० पौंडांना विकला गेला आणि ती रक्कम फ्रेंच लेखक दोमिनिक लापिएर यांच्या कोलकात्यातील गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थेला मिळाली. आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्या यांनी ‘गांधी’साठी हेच ऑस्कर जॉन मोलो यांच्यासह मिळवले, आणि तिथे दोघांचीही नावे घेतली गेली, हे इथे नोंदवावेसे वाटते.

शिवणवर्ग_दारव्हा

सर्वांचे मनापासून आभार. मास्तर, एकच शंका राहिली: सरावासाठी मांजरपाट वापरला तर चालेल ना? आमच्याकडे तोच पडून आहे.

जुना_मास्तर_मोर्शी

क्रॉफर्डच्या झालरी करायच्या असतील तर चालेल. खळ दिली की तो बऱ्यापैकी उभाही राहतो. हार्लोच्या गाऊनसाठी नको. मांजरपाट तिरका धरला तरी साटीनसारखा लोंबत नाही, त्यामुळे त्यावर काढलेले माप साटीनवर हमखास चुकेल. घरातली जुनी, धुऊन मऊ झालेली सिंथेटिक साडी घ्या, काठ कापून टाका आणि तिच्यावर पहिला गाऊन कापा. बाजूच्या शिलाईत दोन्हीकडे दीड-दीड इंच जास्त सोडा.