शेवट यूट्यूबवर बघून घ्या म्हणणाऱ्यांसाठी, जरा लांबलचक

रामबागची_धाकटी
काल इथे विजयनगर_पीसी यांनी लिहिलं की गेमच्या शेवटाला काही अर्थ नसतो, शेवट म्हणजे दहा मिनिटांचा व्हिडिओ, तो यूट्यूबवर बघावा आणि चाळीस तास वाचवावेत. खाली वीस जणांनी बरोबर बरोबर केलं. रात्री वाचलं ते डोक्यातून जाईना म्हणून आज बसून लिहितेय.

ब्रदर्स नावाचा गेम आहे, २०१३ चा. दोन भाऊ, आजारी बापासाठी औषध आणायला निघालेले. कंट्रोलरची डावी स्टिक आणि डावं बटण मोठ्याचं, उजवं सगळं धाकट्याचं. खरं तर एकट्याने खेळायचा गेम, पण आमच्याकडे कंट्रोलर एकच होता, म्हणून दादाने डावीकडून धरला आणि मी उजवीकडून, खांद्याला खांदा लावून. धाकट्याला पाण्याची भयंकर भीती, आई बुडालेली असते ना, त्यामुळे पाणी आलं की तो मोठ्याच्या पाठीवर. शेवटाकडे मोठा मरतो. दादाने हात काढून घेतला, त्याच्या बाजूचं काही चालतच नव्हतं. त्याला पुरलं मी एकटीने. मग घरी परत येताना परत पाणी. धाकटा काठाशीच अडतो. मी उजवं बटण दाबून दाबून थकले, काही होईना. तेव्हा दादा हळूच म्हणाला, "माझं दाबून बघ." दाबलं, आणि तो पाण्यात उतरला.

एक शब्द नाही, काही नाही. मेलेल्या भावाचं बटण. पुढच्याच वर्षी दादा नोकरीला बंगलोरला गेला आणि तो कंट्रोलर मला कितीतरी दिवस दोन्ही हातांनी धरवेना.

हे व्हिडिओत दिसणार नाही हो. व्हिडिओत एक मुलगा पोहताना दिसतो, संपलं. माझं म्हणणं एवढंच की जे पूर्ण गेमभर हाताला शिकवलं तेच शेवटी एकदा वेगळ्या अर्थाने करायला लावलं तर तो शेवट माणूस विसरत नाही. मेटल गिअर सॉलिड ३ मध्ये पण तेच, २००४ चा. गुरूला गोळी घालायची असते, गेम आपल्यासाठी थांबून राहतो, बटण आपणच दाबायचं. पूर्ण गेमभर ज्या बटणाने शेकडो गोळ्या मारल्या तेच, पण त्या एका गोळीला हात उचलत नाही.

विजयनगर_पीसी
ताई, ज्याच्यावर लिहिलंत तो मीच, म्हणून उत्तर देतो. मी ४१ वर्षांचा आहे, दोन मुलं आहेत, साडेदहाच्या आधी पीसी मला मिळत नाही. पण वेळेचं कारण खोटं आहे, खरं कारण मास इफेक्ट, एकाच गोष्टीचे तीन गेम. पहिला २००७ चा, दुसरा २०१०, तिसरा २०१२. तिन्ही खेळलो, एकाचा सेव्ह, म्हणजे खेळल्याची साठवलेली नोंद, दुसऱ्यात नेत नेत. पहिल्या भागात रेक्स नावाच्या साथीदाराला वाचवलं तर तो तिसऱ्यात आपल्या बाजूने उभा राहतो, नाही वाचवलं तर त्याच्या जागी दुसराच कोणी. म्हणजे मला तीन गेम सांगितलं की तुझ्या प्रत्येक निर्णयाचा हिशेब आम्ही ठेवतोय. आणि शेवटी काय, तीन रस्ते, लाल निळा हिरवा, कुठल्यातरी एकावर चालत जा, स्फोट तोच, फक्त रंग वेगळा. लोक इतके चिडले की निषेध म्हणून कंपनीला तीन रंगांचे कपकेक पाठवले, वर रंग वेगळे आत चव एकच. मग जून २०१२ मध्ये वाढीव शेवट फुकट द्यावा लागला त्यांना. हात माझेच होते ना तिथे पण, बटण मीच दाबलं. काय मिळालं? तेव्हापासून मी शेवटाच्या नादी लागत नाही.

तिसरा_अंक
दोघंही बटणं आणि रंगात अडकलेत. शेवट लक्षात राहतो तो पात्रामुळे. आम्ही नाटकवाले आहोत, पडदा कुठे पाडायचा हे कळलं तर निम्मं काम झालं. द लास्ट ऑफ अस, २०१३. एका पोरीवर डॉक्टरने ऑपरेशन केलं तर अख्खं जग वाचू शकलं असतं, पण त्यात ती मरणार, म्हणून जोएल तिला दवाखान्यातून उचलून आणतो आणि वर तिच्या तोंडावर खोटं बोलतो. ती नुसतं "ओके" म्हणते. अंधार. पुढे एक वाक्य जास्त लिहिलं असतं तर सगळं पडलं असतं. याच्या उलट रेड डेड रिडेम्प्शन २ बघा, २०१८ चा, आर्थर क्षयाने खंगत खंगत जातो, डोंगरावर काय तो प्रसंग, आणि मग पडदा पाडायचा सोडून पुढे तासन् तास त्याच्या साथीदाराचं, जॉनचं घर बांधा, कुंपण ठोका.

रामबागची_धाकटी
अंकदादा, पण डॉक्टरला कोणी मारलं? तुम्ही मारलं. त्याला मारल्याशिवाय गेम पुढे सरकतच नाही, मी तर किती वेळ खोलीत नुसती उभी होते दुसरा काही मार्ग दिसतो का बघत. म्हणून तर ते "ओके" ऐकताना आपणच खोटं बोलल्यासारखं होतं. आणि कुंपणाबद्दल काही बोलू नका. आर्थर गेल्यावर ते खिळे ठोकणंच मला हवं होतं. आमचे आजोबा गेले तेव्हा तेराव्यानंतर बाबा महिनाभर घराचे दरवाजेच दुरुस्त करत होते.

तिसरा_अंक
डॉक्टरचं मान्य. कुंपणाचं नाही.

जेलरोड_सीडीवाला
तुम्ही सगळे शेवट कसा हवा म्हणून भांडून राहिले, अरे भिया आमच्या पिढीला शेवट मिळालाच कुठे? ती रिपवाली सीडी कोणाला आठवते? गेम एका सीडीत बसावा म्हणून व्हिडिओ काढून टाकायचे, गाणी काढून टाकायचे. प्रिन्स ऑफ पर्शिया सँड्स ऑफ टाइम, २००३ चा, मी दोनदा पार केला. खेळताना पूर्ण वेळ प्रिन्सचा आवाज येतो, गोष्ट सांगून राहिलाय, आपण दरीत पडून मेलो तर म्हणतो नाही नाही असं नव्हतं झालं. पण कोणाला सांगून राहिलाय? माझ्या सीडीत शेवटचे व्हिडिओच नाही. एकदम वजीर समोर, त्याला मारला, गेम बंद. बारा वर्षांनी यूट्यूबवर पाहिलं की तो सगळं फराहला, गेमभर सोबत असलेल्या राजकन्येला सांगत होता! काळ मागे फिरलाय, त्यामुळे तिला तो ओळखूच येत नाही, सगळं फक्त याला एकट्याला आठवतंय. आणि जाताना ती नाव विचारते तर तो काकोलुकिया म्हणतो, तिनेच विश्वासाने सांगितलेला लहानपणचा शब्द. ऑफिसात बसून पाहिला मी तो व्हिडिओ. डोळे पुसावे लागले.

पक्कं_बिल
चोरीची सीडी घ्यायची आणि वर शेवट नाही म्हणून रडायचं. ज्यांनी तो शेवट बनवायला वर्षं घातली त्यांना काय मिळालं तुमच्याकडून?

जेलरोड_सीडीवाला
तेव्हा मी नववीत होतो. ओरिजिनल कुठे मिळतो हेच माहीत नव्हतं आणि मिळाला तरी आमच्या घरात तेवढे पैसे एका गेमला कोणी दिले नसते. पन्नास रुपये गोळा करायला मी महिनाभर शाळेत पायी गेलोय. तुमच्या घरी देत असतील.

पक्कं_बिल
आमच्या घरी पण देत नव्हते. मी अकरावीत शिकवण्या घेतल्या आणि घेतला. नसेल परवडत तर खेळू नये, जीव जात नाही. तुमच्यासारख्यांमुळेच कंपन्या आपल्याकडे बघत नव्हत्या.

पोहे_सकाळी_सहा
घ्या, आता विकत घेणाऱ्याचं ऐका. २००८ चा प्रिन्स ऑफ पर्शिया मी पैसे मोजून घेतला, पीसीवर. त्याचा शेवट मला आजवरचा सगळ्यात जड वाटतो. गेमभर सोबत असलेली एलिका जीव देऊन राक्षसाला कोंडते आणि मग तिला परत आणायला प्रिन्स जिवाची झाडं एकेक करून तोडतो, म्हणजे आपण तोडतो, माहीत असतं की राक्षस सुटणार तरी तोडतो. सगळा गेम ज्यासाठी खेळलो ते स्वतःच मोडायचं. आणि मग पुढचा भाग एपिलॉग म्हणून आला तो फक्त प्लेस्टेशन, एक्सबॉक्स अशा कन्सोलवाल्यांना. पीसीवर आलाच नाही. पैसे दिले होते ना मी? पक्कं बिल होतं ना? मला का नाही मिळाला?

पक्कं_बिल
तुमची तक्रार खरी आहे. पण त्याने चोरी बरोबर ठरत नाही.

मालवा_रात्रपाळी
सीडीचं सोडा, कॅफेचं ऐका. कॉलेजच्या मागे एक कॅफे होता, तासाला वीस रुपये. गेम व्हाइस सिटी. सेव्ह ठेवायच्या जागा, म्हणजे स्लॉट, आठच आणि पोरं चाळीस. माझा स्लॉट आठवा, सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. बाकीचे नुसते गाड्या पळवायचे आणि टँकचा चीट मारायचे, मला एकट्याला गेम संपवायचा होता. त्यासाठी ७० हजारांची प्रिंटिंग प्रेस विकत घ्यावी लागते, त्याशिवाय शेवटची मिशन उघडतच नाहीत. घेतली. दुसऱ्या दिवशी गेलो तर आठव्या स्लॉटवर कोणाचा तरी पहिल्या मिशनचा सेव्ह. मालकाला विचारलं तर म्हणे नवीन सुरू कर, तुला काय रोज यायचंच आहे. मी परत गेलो नाही. परत व्हाइस सिटी लावला पण नाही, आज एकोणीस वर्षं झाली. लोक शेवटी लान्सचं, त्यातल्या साथीदाराचं, काहीतरी होतं म्हणतात ते मी मुद्दाम कानावर येऊ दिलं नाही.

जेलरोड_सीडीवाला
भिया हे वाचून मला माझ्या सीडीचं दुःख कमी वाटून राहिलं.

विजयनगर_पीसी
सगळा धागा वाचला. मला एक सांगा ताई. सीडीवाल्या भाऊंनी तो शेवट यूट्यूबवरच बघितला ना? बटण नाही, कंट्रोलर नाही, ऑफिसात. आणि रडले. मग माझं काय चुकलं?

रामबागची_धाकटी
यावर मी दोन तास विचार केला. हो, व्हिडिओनेच रडवलं त्यांना, हे मला मानावं लागेल. पण बटणं त्यांनी आधीच दाबली होती, दोनदा अख्खा गेम, फक्त व्हिडिओ बारा वर्षं उशिरा आला. तुम्ही सांगता ते उलटं आहे, आधी व्हिडिओ आणि गेम कधीच नाही. न खेळलेल्या माणसाला काकोलुकिया दाखवा, काय कळणार त्याला? तुमचंच घ्या. तो लाल निळा हिरवा शेवट एखाद्याने नुसता यूट्यूबवर पाहिला असता तर त्याला बराच वाटला असता. राग तुम्हाला आला कारण रेक्सला तुम्ही वाचवलं होतं.

विजयनगर_पीसी
हे आधी लक्षात आलं नव्हतं. ठीक आहे, "शेवटाला काही अर्थ नसतो" हे वाक्य मागे घेतो. वाईट शेवट माणसाला बारा-तेरा वर्षं छळतो हे मात्र मागे घेणार नाही.

तिसरा_अंक
तेच तर मी म्हणत होतो.

रामबागची_धाकटी
नाही, तुम्ही पडद्याचं म्हणत होता.

पक्कं_बिल
मालवा_रात्रपाळी, तुम्ही अजून संपवला नाही का खरंच? आता सेलमध्ये फार महाग नसतो. विकत घ्या म्हणून टोचत नाहीये. खरंच खेळा. प्रेस का घ्यायला लावतात ते शेवटच्या मिशनमध्ये कळतं, एवढंच सांगतो.

मालवा_रात्रपाळी
(तीन आठवड्यांनी)
धागा वर आणतोय, माफ करा. विकत घेतला, बिल आहे. रोज रात्रपाळीहून आल्यावर एक तास. एकही चीट मारला नाही. काल पहाटे संपला.

त्या प्रेसमधल्याच खोट्या नोटा माफियाच्या बॉसला, सॉनीला द्यायच्या असतात. आणि लान्स, ज्याला मी मरता मरता वाचवून आणला होता, तोच सॉनीला सगळं सांगून बसलेला. गच्चीपर्यंत त्याच्या मागे पळालो. हवेलीत सगळीकडे मढी पडलेली, आपला वकील केन येतो आणि दोघं काहीतरी धंद्याचं बोलतात. बायको उठून आली, म्हणाली अजून झोपला नाहीस का. तिला कॅफेपासून सगळं सांगितलं. चहा झाला तरी सांगत होतो.

सेव्ह आठव्या स्लॉटमध्ये ठेवलाय. पहिले सात रिकामे आहेत.