अनुभव धागा: घरातल्या कासवाला राहायला काय दिलंत?

चाफेकळी (रेडिंग, इंग्लंड)
काल माळा आवरताना जुनी काचेची टाकी हाती लागली. तीन फूट लांब, कोपऱ्यात अजून थोडी वाळू. पुसायला घेतली तर आतून खालच्या कडेनं काच घासून धुरकट झालेली, बरोबर दगडूच्या पायांच्या उंचीवर. तिथेच जिन्यात बसून राहिले.

दगडू आमचं हॉर्सफील्ड कासव. २०१४ मध्ये आणलं तेव्हा लेक सात वर्षांची होती. दुकानातल्या माणसानं टाकी, दिवा आणि कोरड्या खाण्याची पिशवी एकदमच हातात दिली. काच म्हणजे आरपार दिसणार, त्याला कोंडल्यासारखं वाटणार नाही, असं म्हणाला. मला पटलं. दगडू दिवसभर एकाच कोपऱ्यात काचेला नाक लावून पाय मारत राहायचा. लेक म्हणायची, आई तो नाचतोय. आम्ही व्हिडिओ काढून सोलापूरला आजीला पाठवायचो.

आठ महिन्यांत खाणं कमी झालं, नाकातून पाणी यायला लागलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, राहतो कशात? मग समजावलं की काच मधे आहे हे त्याला कळतच नाही. पलीकडे जमीन दिसते म्हणून तो चालत राहतो. शिवाय एवढ्याशा टाकीत दिवा लावला की सगळीच तापते, अंग निवायला जागा उरत नाही.

नवऱ्यानं त्याच शनिवारी पुस्तकांचं कपाट रिकामं केलं, फळ्या काढल्या आणि पाठीवर आडवं घातलं. साडेसहा फूट बाय अडीच फूट, भिंती फूटभर उंच, वरून उघडं. आत तळ्याच्या तळाशी अंथरतात ते प्लास्टिक, त्यावर बिनखताची माती आणि वाळू निम्मी निम्मी, सहा इंच. एका टोकाला दिवा, त्याखाली ३२ ते ३५ अंश. दुसऱ्या टोकाला विशीच्या आसपास, तिथे लपायला उपडी अर्धी कुंडी. दगडू उतरला तो थेट मातीत घुसला आणि दोन दिवस दिसलाच नाही. मी रडायच्या बेतात होते. तिसऱ्या दिवशी दिव्याखाली चारी पाय पसरून पडला होता. वर्षभरात असा कधी बघितलाच नव्हता.

तुम्ही काय केलंत? चुकलं असेल तर तेही लिहा.

खारूताई
नाचतोय वाचून पोटात कालवलं गं. आता कसा आहे?

चाफेकळी
ठणठणीत. आत्ता मातीत आहे, फक्त पाठ दिसतेय.

निवांत (सिएटल)
आमची चूक वेगळी. पेटी लाकडाचीच होती पण खिडकीत ठेवली, ऊन येतंय मग वेगळी ट्यूब कशाला असं वाटलं. खिडकीची काच उन्हातले यूव्हीबी किरण अडवते हे माहीत नव्हतं. ऊब मिळत होती, हाडांना लागतं ते मिळतच नव्हतं. कवच बोटानं दबायला लागल्यावर धावलो. आता यूव्हीबी देणारी लांब टी५ ट्यूब आहे, १२ तास. ती दिसायला पेटत राहते पण यूव्हीबी कमी होत जातं, म्हणून दरवर्षी पाडव्याला बदलतो. तारीख लक्षात राहते.

रानवाटा (पुणे)
भारतातून वाचणाऱ्यांसाठी मधेच लिहितो, राग मानू नका. चांदणी कासव घरात ठेवणं आपल्याकडे गुन्हा आहे, १९७२चा वन्यजीव कायदा. २०१९ पासून साइट्स (CITES) या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टातही आहे. कुणी 'लकी' म्हणून दिलं तरी घेऊ नका.
आमच्या सोसायटीत एका कुटुंबानं घर सोडताना एक मागे ठेवलं होतं, पाण्यानं भरलेल्या बादलीत! ते जमिनीवरचं कासव, त्याला पोहता येत नाही. मान वर काढून उभं होतं बिचारं. मी पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्तमानपत्र घालून अंधारात ठेवलं आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन केला. संध्याकाळी येऊन घेऊन गेले.

खारूताई
बादलीत?? लोकांना काही वाटत कसं नाही

मिरगाचा पाऊस (ह्यूस्टन)
आमचं सुलकाटा. आणलं तेव्हा हाताच्या तळव्यावर मावत होतं, तीन वर्षांत परातीएवढं झालं. ही जात ४०-५० किलोपर्यंत जाते हो, पेटी कुठली पुरवणार. दोन वेळा पेट्या मोठ्या केल्या, मग परसात शेड बांधली, रात्री आत हीटर. कुंपणाखाली फळ्या पुरल्यात, नाहीतर खणून शेजाऱ्यांकडे जातं. लहान बघून भुलू नका एवढंच कळकळीनं सांगते. जास्वंदीची फुलं मात्र अशी खातं की बघत राहावं. सकाळी पहिलं फूल गणपतीला, बाकी सगळी याला.

अबोली
@मिरगाचा पाऊस कुठली जास्वंद लावलीत? माझी दर थंडीत मरते

मिरगाचा पाऊस
साधी लाल, कुंडीतली. नोव्हेंबरात आत घेते.

गारवा (फ्रँकफर्ट)
आमची दोन हर्मन. एकाला सोबत हवी म्हणून दुसरं आणलं. दोन्ही नर निघाले. एकमेकांना ढकलून उलटं पाडायचे, पायाला चावे. मधे जाळी घातली तर जाळीशी भांडण. शेवटी जाड फळी घातली, दिसेनासे झाले तेव्हा शांत. कासवाला सोबत लागत नाही.
हिवाळ्यात दोघं शीतनिद्रेसाठी वेगळ्या फ्रिजमध्ये झोपतात, ५ अंशाला, आपापल्या डब्यात. आई साताऱ्याहून आल्या होत्या, त्यांनी ताक शोधायला तोच फ्रिज उघडला. किंचाळल्या त्या! मग रोज माझ्याआधी उठून थर्मामीटर बघायच्या. परत गेल्यावर फोनवर पहिलं, लेकरं उठली का?

खारूताई
लेकरं उठली का 😂❤️

तारांगण
चाफेकळी, तुमच्या दगडूच्या जातीची दोन कासवं चंद्राला फेरी मारून आलीत, माहीत आहे का? सप्टेंबर १९६८, सोव्हिएत यान झोंद ५. माणसांना घेऊन चंद्राभोवती गेलेल्या अपोलो ८च्या तीन महिने आधी. यान हिंद महासागरात उतरलं, तिथून जहाजानं आपल्या मुंबईला आणलं आणि मुंबईहून विमानानं रशियाला. दोघंही जिवंत होती, वजन तेवढं घटलं होतं.

चाफेकळी
काय सांगता! लेकीला लगेच पाठवलं. आता दगडूची ऐट बघायला नको.

सुरंगी (देवगड → बर्मिंगहॅम)
मातीऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) चालेल का? पिल्लू आहे, चार महिन्यांचं. इथे त्याच्या दाबलेल्या विटा मिळतात. पहिली वीट भिजवली तर अख्ख्या घराला आमच्या काथ्या कुजत घातलेल्या खाडीचा वास आला, मी नुसती उभी राहिले.

चाफेकळी
@सुरंगी पिल्लाला चांगलं की, मातीत मिसळ आणि खालचा थर दमट ठेव. फार कोरड्यात वाढली की कवचावर टेंगळं येतात. पाण्याची बशी उथळ, आणि कोमट पाण्यात बसव, पाणी हनुवटीखाली येईल एवढंच, १५-२० मिनिटं. देवदाराचा भुसा नको. आणि दिवा साखळीनं पक्का टांग, नुसत्या चिमट्यावर भरवसा ठेवू नकोस.

सुरंगी
चिमट्यावरच आहे! जाते बघते

रानवाटा
काथ्यावरून आठवलं, मार्चमध्ये कोकणात वेळासला गेलो होतो, समुद्री कासवं बघायला. पहाटे घरट्यावरची टोपली उचलली आणि ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूवरून पाण्याकडे. माझा मुलगा एक शब्द बोलला नाही.

अबोली
वेळासला राहायची सोय कशी आहे? आईला गुडघ्याचा त्रास आहे, चालायला किती?

रानवाटा
गावात घरोघरी सोय आहे, जेवणासकट. किनाऱ्यापर्यंत थोडं चालावं लागतं, काठी असू द्या.

सुरंगी
साखळी लावली. पिल्लू कोकोपीटमध्ये गेलंय, शेपटीचं टोक दिसतंय.