मोठा राउटर तापतोय: एसी बदलू की खिडकीत पंखा लावू?

खाडीकाठ_नेट (देवगड):
नमस्कार मंडळी. आजूबाजूच्या वाड्यांना आम्ही इंटरनेट देतो. जांभ्याच्या जुन्या खोलीत रॅक, दीड टनाचा एसी. गेल्या महिन्यात सहा खणांचा वापरलेला चेसिस राउटर (खणांत लागतील तशी कार्डं सरकवायचा मोठा राउटर) घेतला. तीन खणांत कार्डं, तीन रिकामे. मीटरवर ओढ १.२ किलोवॅट. एसी १८ वर ठेवूनही पंखे रात्रंदिवस पूर्ण वेगात, आणि दुपारी तापमानाचा अलार्म वाजतोच. गणपतीला चाकरमानी आले की लोड वाढणार. दोन टनाचा एसी घेऊ, की समुद्राकडच्या खिडकीत एक्झॉस्ट लावू?

रॅकवाला_रत्नांग्री:
दादा, एसीवर पैसे घालू नका. १ टन म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता उचलायची ताकद. राउटरने खाल्लेली जवळजवळ सगळी वीज उष्णताच होते, म्हणजे तुमची १.२. थंडावा भरपूर आहे, तो कार्डांपर्यंत पोचत नाहीये.

रिकाम्या खणांवर झाकणपट्ट्या आहेत का? वापरलेल्या मालात त्या बरेचदा नसतात. उघड्या खणातून हवेला सोपी वाट मिळते, मग कार्डांच्या हीटसिंकमधून (उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पात्यांमधून) ती कशाला जाईल? पाट मध्येच फुटला की शेवटच्या पोफळीला पाणी पोचत नाही, तसंच हे. आणि हवा समोरून मागे जाते की बाजूने बाजूला?

खाडीकाठ_नेट:
तिन्ही खण उघडेच! हवा उजवीकडून आत, डावीकडून बाहेर. रॅकला दोन्ही बाजूंनी बंद पत्रा, मध्ये चार बोटं जागा.

रॅकवाला_रत्नांग्री:
मग सापडलं. गरम हवा पत्र्यावर आपटून वळसा घालते आणि पुन्हा आत शिरते. राउटर स्वतःचाच उच्छ्वास ओढतोय. म्हणून घेण्याआधी हवेची दिशा बघावी: ज्युनिपर कंपनीचा एमएक्स ४८० राउटर बाजूने हवा घेतो, त्यांचाच ९६० समोरून घेऊन मागे सोडतो. १ किलोवॅट उष्णता नेताना हवा १० अंशच तापू द्यायची तर सेकंदाला ८० लिटरहून जास्त हवा लागते. बाजूचे पत्रे काढा, एसीचा झोत उजवीकडे वळवा. वीजही वाचेल, कारण पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याची वीज आठपट होते.

मालवणची_ताई:
एक्झॉस्टचा विचार सोडाच. जेवढी हवा बाहेर जाईल तेवढीच खारी हवा कौलांतून, फटींतून आत येईल. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून पाझरतं, आणि आपल्याकडे पावसाळाभर तेच. पहिल्या वर्षी मी खिडकी उघडी ठेवायचे. दोन कार्डांच्या तांब्यावर हिरवा थर चढला, दोन्ही गेली.

१८ सुद्धा नको. पावसात दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो) २४-२५ च्या आसपास असतो, दार उघडलंत की गार पत्र्याला पाणी सुटणार. अ‍ॅश्रे ही संस्था आत जाणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश सुचवते. २५ वर ठेवा.

खाडीकाठ_नेट:
पत्रे काढले, खणांवर पट्ट्या कापून बसवल्या. संध्याकाळपर्यंत पंख्यांचा आवाज निम्म्यावर आला, अलार्म नाही. मनापासून आभार. राउटरचा हवेचा फिल्टर धुतला तर चालेल?

मालवणची_ताई:
फोमचा असेल तर चालेल, पण पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. पावसात वाळायला दोन दिवस जातात, म्हणून जोडीला दुसरा घेऊन ठेवा. आणि फॅन ट्रे (पंख्यांचा सरकता खण) चालू राउटरमधून काढलात तर लगेच परत सरकवा, कार्डं मिनिटांत तापतात.